जमिनीला थंडी उशिरा वाजते

रशिया-युक्रेनकडच्या झेमल्यांकांचे व्हिडिओ सध्या फोनवर फिरताहेत. जमिनीत खणलेली खोली, वर ओंडक्यांचं छप्पर, त्यावर मातीचा थर, बाहेर कमरेएवढा बर्फ. खाली हमखास ओळ असते: 'पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर चालणारं घर!' ही थाप आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला 0.1 वॉटही भरत नाही. दहा चौरस मीटरच्या खोलीला मिळून एक वॉटसुद्धा नाही. त्यावर झिरोचा बल्बही धड लागायचा नाही.

मग ऊब येते कुठून? चुलीतून. जमीन फक्त ती ऊब भराभर पळू देत नाही, कारण थंडी तिच्या आत खोलवर पोचायलाच वेळ लागतो.

पृष्ठभागाचं तापमान लाटेसारखं खालीवर होतं: एक लाट दिवस-रात्रीची, एक वर्षाची. लाट जमिनीत उतरताना विरत जाते आणि मागेही पडत जाते. तिचा चढउतार मूळच्या 37 टक्क्यांवर येतो ती खोली (म्हणजे किती खाली) लाटेच्या कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. साधारण मातीत दिवसाच्या लाटेसाठी ही खोली जेमतेम 12 सेंटिमीटर. वर्ष दिवसाच्या 365 पट, वर्गमूळ सुमारे 19. म्हणजे वर्षाच्या लाटेसाठी सव्वादोन मीटर. उणे वीसची एखादी रात्र हातभर मातीतच संपते. खाली उतरतो तो फक्त ऋतू, आणि सव्वादोन मीटरवर तोही जवळजवळ दोन महिने उशिरा.

युक्रेनची राजधानी कीव्हचे आकडे घालून पाहा. विसाव्या शतकातली वर्षाची सरासरी ढोबळ 8 अंश, जानेवारीची उणे 4-5, जुलैची 20. ऐन जानेवारीत सव्वादोन मीटरवर तापमान निघतं सुमारे साडेपाच अंश. एक मीटरवर शून्याच्या थोडं वर. बर्फाची गोधडी असेल तर आणखी बरं. उणे वीसमधून पंधरा अंशांवर यायला 35 अंशांची लढाई, पाच अंशांच्या भिंतीशी फक्त दहाची. लाकूडफाटा वाचतो तो इथे. हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या फूरिये या गणितज्ञाने मांडलं. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं तेही याच हिशेबाने.

स्लाव्ह लोकांना, म्हणजे रशियन-युक्रेनियनांच्या पूर्वजांना, गणिताची वाट पाहावी लागली नाही. पाचव्या ते सातव्या शतकातल्या प्राग-कोर्चाक या त्यांच्या प्राचीन संस्कृतीच्या वस्त्यांत अशी अर्धी जमिनीतली चौकोनी घरं सापडतात. कोपऱ्यात बहुधा दगडी चूल. त्यांची खोली मीटरभराच्या आतबाहेरच, त्यामुळे वाऱ्यापासून आडोसा हाच त्यांचा मोठा फायदा असावा. धुराडं नसल्याने धूर घरभर. दुसऱ्या महायुद्धात बेलारूसच्या जंगलातले पार्टिझान, म्हणजे जर्मनांशी लढणारे गनिमी सैनिक, झेमल्यांकांत राहिले, आणि जर्मनांनी गावं जाळल्यावर तिथली कुटुंबंही.

व्हिडिओत ओल दिसत नाही. मातीच्या कणांमधल्या हवेच्या जागी पाणी शिरलं की ती कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून अशी घरं उंचावर, कोरड्या जागी खणलेली बरी. त्यातून सव्वादोन मीटरवरची जमीन सगळ्यात गार होते मार्चमध्ये, आणि वर बर्फ वितळून पाणी झिरपू लागतं तेही तेव्हाच. झेमल्यांकात राहणाऱ्याची खरी परीक्षा थंडी सरताना सुरू होते.