ऑपरेशननंतर काउंट वाढला? रिपोर्ट असा वाचा

(रामबाग आणि राजेंद्रनगर भागातल्या आमच्या पॅथॉलॉजी ग्राहकांसाठी)

ऑपरेशननंतरचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट, हातात पडला की काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "टीएलसी चौदा हजार! आत पू झालाय का हो?" टीएलसी म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण काउंट. तो वाढला तरी बहुतेक वेळा तसं नसतं.

मोठ्या माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. सर्जन कितीही निष्णात असला तरी शरीराला चीर ही जखमच वाटते. ताणामुळे कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन ही हार्मोन्स वाढतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुटून वाहू लागतात, अस्थिमज्जाही नवे सोडते. एक-दोन दिवसांत आकडा चढतो तो यामुळे. उलटी होऊ नये म्हणून भूल देताना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल, तर आणखीच.

खरं बघायचं ते खाली, लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या ओळीत. तिकडे सहसा कुणी बघत नाही. लिम्फोसाइट याच वेळी घटतात. त्यांच्यातल्याच नॅचरल किलर पेशी काही दिवस मंदावतात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात. एकूण आकडा फुगलेला, पण प्रतिकारशक्ती उतरलेली, असा हा काळ. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हा परिणाम सहसा कमी असतो.

म्हणून भेटायला येणाऱ्यांना आवरा. पोहे-जलेबी घेऊन यायची आपली इंदूरी हौस कळते, पण सर्दी-खोकला असलेल्यानं फोनवरच विचारपूस करावी. मधुमेह्यांनी शुगर सांभाळावी. ती वाढलेली राहिली तर न्यूट्रोफिलना जंतू नीट गिळता येत नाहीत. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सुटलेली बरी.

काळजी कधी करायची? उतरलेला आकडा पुन्हा चढला, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ताप आला, टाक्यांभोवती लाली किंवा पाणी दिसलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) हाही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढून मग उतरायला हवा. वयस्कर माणसात कधीकधी संसर्ग असूनही काउंट वाढत नाही, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नका. उरलेली अँटिबायोटिक मनानं तर मुळीच सुरू करू नका.

ऑपरेशनआधीचा रिपोर्ट सोबत आणा, डॉक्टरांना तुलना करता येते. घरी सॅम्पल घ्यायचं असेल आणि सलाईन चालू असेल, तर फोनवरच सांगा. त्या हातातून आम्ही रक्त घेत नाही. पातळ होऊन आकडे खोटे येतात.