कॉन्फिगरेशन तपासणी

प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंग्ज नावाने, प्रकाराने आणि मर्यादेने बरोबर आहेत का, हे काम सुरू होण्याआधीच पाहण्याची पद्धत. ती पुरवणाऱ्या एपीआयकडून (प्रोग्रॅमरने वापरायच्या तयार फंक्शनच्या संचाकडून) दोन अपेक्षा असतात: नियम एका ओळीत लिहिता यावा आणि तपासणीत वेळ जाऊ नये.

चूक बहुधा आवाज न करता शिरते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रॅमला मिळणारी, किंमत नेहमी स्ट्रिंग (नुसता मजकूर) असते. तिथे 'फॉल्स' (खोटे) लिहिले तरी पायथन भाषेचे, खरे-खोटे ठरवणारे बूल फंक्शन त्याला खरेच मानते, कारण स्ट्रिंग रिकामी नसते. यामल १.१ या सेटिंग्ज लिहिण्याच्या फाइल-प्रकारात नॉर्वेचा संकेत 'एनओ' अवतरणाशिवाय लिहिला, तर तो नकार म्हणून वाचला जातो.

नुसती मर्यादा तपासूनही भागत नाही. नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१५ उत्तर, रेखांश ७९.०९ पूर्व. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी येतो, इतरत्र बहुतेक ठिकाणी अक्षांश. त्यामुळे अदलाबदल ठरलेलीच. अक्षांशाची मर्यादा उणे ९० ते ९० असल्याने ७९.०९ बिनबोभाट पास होतो आणि नागपूरच्या कळमना बाजाराचा ठिपका उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबारला जाऊन बसतो. भारतापुरत्या ॲपने अक्षांश ६ ते ३८ व रेखांश ६८ ते ९८ असे बांधून घेतले, की दोन्ही पट्ट्या एकमेकींत येत नाहीत आणि उलटापालट जागीच पकडली जाते.

अनोळखी नाव किंवा किंमत मुकाट्याने सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी उदारता. संत्र्याच्या नोंदींच्या प्रणालीत 'बहार' (फुलोऱ्याचा हंगाम) या पर्यायाला 'आंबिया' व 'मृग' एवढ्याच किमती चालत असतील आणि कोणी 'म्रुग' लिहिले, तर 'अवैध किंमत' हा संदेश कुचकामी. 'बहार: म्रुग चालत नाही, मृग म्हणायचे आहे का?' असे विचारले की काम भागते. असा जवळचा शब्द शोधायला लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी लागतात तो आकडा, वापरतात. पहिल्याच चुकीवर न थांबता सगळ्या चुका एकदम सांगाव्यात. नाहीतर दुरुस्ती आणि रीस्टार्ट यांतच दुपार जाते, आणि नागपुरात मे महिन्यातली दुपार लहान नसते.

वेगाचे गणित सोपे आहे. नियमांची मांडणी एकदाच वाचून तिचे फंक्शन तयार ठेवायचे. जावास्क्रिप्टमधली एजेव्ही लायब्ररी जेसन स्कीमापासून (माहितीचे नियम लिहिण्याच्या ठरावीक मांडणीपासून) असेच फंक्शन बनवते. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या तपासणीत मायक्रोसेकंद वाचवण्यात अर्थ नाही. दर कॉलला पर्याय घेणाऱ्या फंक्शनमध्ये मात्र तो खर्च जाणवतो.

चुकलेली किंमत संदेशात दाखवताना पासवर्ड तेवढा झाकावा लागतो, नाहीतर तो लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) कायमचा राहतो.