बाळाच्या खोलीचं छत

मराठवाड्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते तेव्हा घरातली एक खोली तिच्यासाठी रिकामी होते. खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, बाजेखाली शेगडी. बाळाला वारा लागू नये ही आजीची काळजी खरीच आहे. वजनाच्या मानाने नवजात बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट पसरलेली असते, त्यामुळे त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. त्याला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी जाळून ते तग धरतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा 10 अंशांखाली जातो तेव्हा टोपडं, मोजे आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून निजवणं हेच सगळ्यात मोठं औषध.

वैशाखात मात्र हीच त्वचा उलटं काम करते. हवा अंगापेक्षा तापली की उष्णता तितक्याच झपाट्याने आत शिरते, आणि बाळाला घामही पुरेसा येत नाही. त्याचं तापमान 36.5 ते 37.5 अंशांत राहायला हवं. बाहेर 42-43 अंश असतात. म्हणून मे महिन्यात बाळासाठी खोली निवडताना मी आधी छत बघेन, पाळणा नंतर.

जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लावतो. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छतं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे 10 हजार जीव गेले. भिंतीला तडे असतील, माळवद पावसात गळत असेल, तर ती खोली कितीही गार असो, तिथे बाळ नको. पत्रा हलका, पण तो लगेच तापतो आणि वरून थेट बाळावर उष्णता फेकतो. पंखा लावला तरी ती थांबत नाही. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तर बरंचसं ऊन परततं. खाली थोडी पोकळी सोडून बांबूची चटई किंवा जाड कापड ताणलं तर आणखी फरक पडतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यापेक्षा खालची खोली बरी.

कूलर चालेल, पण झोत बाळावर नको आणि एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. बाळ तापलंय का हे पोटाला, मानेला हात लावून बघावं. तळवे एरवीही गारच असतात. उकाड्यात घोटभर पाणी पाजायचा मोह होतो, पण सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच द्यावं. त्यातच 87 टक्क्यांहून अधिक पाणी असतं.

शेगडीबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन: बंद खोलीत कोळसा नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, आपण 12 ते 20. विष आधी त्याला चढतं. शेक द्यायचाच तर आईला, गरम पाण्याच्या पिशवीने. ओवा-शेपांची धुरीसुद्धा बाळाच्या फुप्फुसांना धूरच.

निजवायचं उताणं, सपाट आणि टणक अंथरुणावर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली बाळांना पालथं न निजवण्याचा सल्ला दिला, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. बाज सैल असेल तर दोऱ्या ताणून घ्या, वर घट्ट वाकळ अंथरा. मोहरीची उशी नको, तोंडाजवळ दुपटं नको. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून झोका समोर बसून द्यावा, झोप लागली की बाळ सपाट जागी ठेवावं. ती जागा आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र असावी.

शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी जमिनीवर निजवूच नये. मण्यार रात्री घरात येते, तिचा दंश दुखतही नाही, आणि विंचू तर गादीखालीही सापडतो. बाज भिंतीपासून लांब, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या.

घरातला पिढीजात पाळणा काढणार असाल तर दांड्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर अंग निसटून डोकं अडकतं. रंगही बघा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं, आणि लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषलं जातं. जुना रंग कोरडा घासू नका. काढायचाच तर पाळणा अंगणात नेऊन, ओला करून, बाळ यायच्या कितीतरी आधी काढा, आणि पोटुशी लेकीला त्या कामाजवळ फिरकू देऊ नका.