मॉरिसच्या संघात शिरण्याआधी: नवख्यांना खुलं असलेल्या एका जुन्या नाचाची पार्श्वभूमी

मॉरिस हा पायांना घुंगरं बांधून, हातात रुमाल किंवा काठ्या घेऊन करायचा इंग्लंडचा लोकनाच. तो नाचणाऱ्या संघाला ‘साइड’ म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की बहुतेक साइड नव्या माणसांना बोलावतात. आठवड्यातली एक संध्याकाळ, गावातला किंवा चर्चचा एखादा हॉल, नाममात्र वर्गणी आणि पूर्वानुभवाची अट नाही. शेकडो वर्षं जुना म्हणून मिरवणारा नाच परगावच्या, परदेशातून आलेल्या माणसालाही पहिल्याच संध्याकाळी रांगेत कसा उभा करतो, याचं अनेकांना नवल वाटतं. कारण इतिहासात आहे. आजचं मॉरिस घराण्यातून झिरपत आलेलं नाही; ते जवळजवळ विझल्यावर मुद्दाम शिकवून जगवलेलं आहे. शिकायला आलेला अनोळखी माणूस हाच त्याचा खरा वारस.

मॉरिसची सर्वांत जुनी माहीत असलेली नोंद 1448 सालची आहे. लंडनच्या सोनारांच्या मंडळाने, म्हणजे गोल्डस्मिथ्स कंपनीने, नाचणाऱ्यांना 7 शिलिंग दिले, एवढीच ती नोंद. त्यानंतरच्या सुरुवातीच्या नोंदीही दरबार, श्रीमंतांच्या मेजवान्या आणि शहरी मिरवणुकांच्याच आहेत. ‘ख्रिस्तपूर्व काळातला सुगीचा विधी’ ही जी गोष्ट पबमध्ये हमखास ऐकू येते, तिला कागदोपत्री आधार नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांनी रुजवली. नाच वरून खाली आला. दरबारातून चर्चच्या जत्रांमध्ये, तिथून खेड्यांत. 1600 मध्ये शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतून नुकताच बाहेर पडलेला विदूषक विल केम्प पायांना घुंगरं बांधून लंडन ते नॉर्विच नाचत गेला, तेव्हा मॉरिस सर्वांच्या ओळखीचं होतं. नाचायला त्याला नऊ दिवस लागले, पण मधले विश्रांतीचे दिवस धरून प्रवास कित्येक आठवडे चालला. 1618 मध्ये पहिल्या जेम्स राजाने रविवारची प्रार्थना झाल्यावर मॉरिस नाचायला जाहीर मुभा दिली. प्युरिटन या कर्मठ प्रोटेस्टंट पंथीयांना हे मुळीच रुचत नव्हतं. त्यांच्या राजवटीत नाच दडपला गेला आणि 1660 मध्ये राजेशाही परतली तेव्हा उघड्यावर आला.

पुढची दोनशे वर्षं त्याचं माहेर म्हणजे ऑक्सफर्डशर, ग्लॉस्टरशर आणि आजूबाजूची खेडी. नाचणारे बहुतेक शेतमजूर. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणारा व्हिट्सन हा त्यांचा हंगाम. त्या आठवड्यात गावोगाव नाचून मिळणारे पैसे ही मजुरीला मोठी जोड असे. आजच्या साइडमधली पदं त्याच व्यवहाराची आठवण आहेत. ‘स्क्वायर’ म्हणजे म्होरक्या, ‘फोरमन’ म्हणजे नाच शिकवणारा, आणि ‘बॅगमन’ पूर्वी थैली सांभाळायचा, आता पत्रव्यवहार सांभाळतो. साइडला पहिली चौकशी करायची ती याच बॅगमनकडे.

एकोणिसाव्या शतकात शेतीत मंदी आली, तरुण शहरांकडे आणि रेल्वेच्या कामांकडे गेले, जत्रा बंद पडल्या आणि एकेक साइड मोडली. बॅम्प्टन, अ‍ॅबिंग्डन, चिपिंग कॅम्पडन अशा मोजक्या गावांत धागा टिकला. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीची साइडही थांबली होती. पर्सी मॅनिंग या हौशी संशोधकाने 1899 मध्ये तिला पुन्हा उभं केलं. त्याच वर्षी 26 डिसेंबरला ती मंडळी हंगाम नसताना नाचायला बाहेर पडली. थंडीमुळे गवंडीकाम बंद होतं आणि चार पैशांची गरज होती. ज्या घरासमोर ती नाचली, तिथे संगीतशिक्षक सेसिल शार्प नाताळचा पाहुणा म्हणून उतरला होता. साइडचा कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारा विल्यम किंबर याला त्याने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि चाली लिहून घेतल्या. पण फक्त चालीच. पावलं कागदावर यायला अजून काही वर्षं लागणार होती.

ती आली एका बाईमुळे, आणि हे श्रेय मेरी नीलला फार उशिरा मिळालं. लंडनमध्ये शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींसाठी ती ‘एस्पेरान्स’ नावाचा क्लब चालवायची. 1905 मध्ये तिने शार्पकडून माग काढला आणि किंबरला त्याच्या चुलतभावासह लंडनला आणून मुलींना नाच शिकवायला लावला. मुलींनी तो बघता बघता उचलला आणि लवकरच त्या स्वतः गावोगाव शिकवायला जाऊ लागल्या. पुनरुज्जीवनातल्या पहिल्या शिक्षिका या शिवणकाम करणाऱ्या मुली होत्या. पुढे दोघांत बिनसलं. नीलला नाच लोकांच्या पायांत यायला हवा होता, शार्पला पाऊल न पाऊल अचूक हवं होतं. शार्पने 1911 मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली, म्हाताऱ्या नर्तकांना गाठून गावोगावचे नाच टिपले आणि बाजी मारली. पहिल्या महायुद्धात त्याच्या प्रात्यक्षिक संघातले कित्येक तरुण गेले. संगीतकार जॉर्ज बटरवर्थ त्यांपैकीच, 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पडला.

1934 मध्ये सहा साइडनी ‘मॉरिस रिंग’ स्थापली, ती फक्त पुरुषांची. ज्या नाचाचं पुनरुज्जीवन मुलींनी केलं, त्याच्या मुख्य संघटनेत बाईला जागा नव्हती, आणि ही चूक दुरुस्त व्हायला फार काळ लागला. 1975 मध्ये बायकांनी स्वतःचं फेडरेशन काढलं, तेच पुढे सर्वांसाठी खुलं ‘मॉरिस फेडरेशन’ झालं. 1979 मध्ये ‘ओपन मॉरिस’ आली. रिंगने 2018 मध्ये स्त्रियांना दार उघडलं. तरी काही साइड आजही फक्त पुरुषांच्या किंवा फक्त बायकांच्या आहेत, म्हणून जाण्याआधी विचारून घ्यावं. तिन्ही संघटना सदस्य साइडना सार्वजनिक दायित्वाचा विमा, म्हणजे नाचताना इतर कुणाला इजा वा नुकसान झालं तर भरपाईसाठीचा विमा, मिळवून देतात. आपली साइड कुठल्या संघटनेत आहे हे विचारायला संकोच नको.

शैली कोणती हे बहुधा भूगोल ठरवतो. लँकेशर-चेशरच्या गिरणीगावांत लाकडी तळाचे क्लॉग घालून मिरवणुकीचा नाच, यॉर्कशरमध्ये लांब तलवारी, ईशान्येच्या कोळसा-खाणींच्या पट्ट्यात पाच जणांचा लवचिक पात्यांचा ‘रॅपर’, पूर्वेला जानेवारीतल्या नांगरणीच्या सोमवारचा ‘मॉली’. वेल्सच्या सीमेवरचा ‘बॉर्डर’ हा चिंध्यांचे कोट घालून काठ्या आपटत करायचा हिवाळी नाच. त्यात चेहरा काळा रंगवण्याची पद्धत होती. ती वर्णद्वेषी वाटते आणि कृष्णवर्णीयांना दुखावते म्हणून 2020 मध्ये संघटनांनी ती बंद करायचं ठरवलं, आणि योग्यच केलं. बहुतेक साइड आता निळा, हिरवा किंवा दुसरा रंग लावतात.

सर्वाधिक पसरलेली शैली कॉट्सवोल्ड, म्हणजे वर आलेल्या ऑक्सफर्डशर-ग्लॉस्टरशरच्या खेड्यांची, आणि शार्पच्या वह्यांची छाप तिच्यावरच सर्वांत ठळक आहे. हेडिंग्टन, बॅम्प्टन, अ‍ॅडरबरी, ब्लेडिंग्टन, फील्डटाउन ही गावांची नावं आता शैलींची नावं आहेत. दूरच्या एसेक्समधली साइड सहज ‘आम्ही अ‍ॅडरबरी नाचतो’ म्हणते. त्या गावच्या एकदोन म्हाताऱ्यांना जे आठवलं, तेच नियम होऊन बसलं. त्यामुळे एका शैलीत हात खाली-वर झुलतात तर दुसरीत रुमाल गोल फिरतो. एका साइडमधून दुसरीत गेलेल्या माणसाचे पाय बरोबर असतात, हात चुकतात.

कॉट्सवोल्डची मांडणी अशी: सहा जण, दोन रांगा, तोंड वादकाकडे. डावीकडे 1, 3, 5 आणि उजवीकडे 2, 4, 6. मूळ पाऊल म्हणजे तीन पावलं आणि चौथ्या ठोक्याला त्याच पायावर उडी, मग दुसऱ्या पायाने तेच. पुढे जाताना अशी दोन, मग मागे येताना दोन एकेरी (एक पाऊल, एक उडी), शेवटी पाय जुळवून उडी. नवखे तिसऱ्या पावलानंतर थांबतात आणि उडी राहून जाते, तिथून सगळा पाय उलटा पडतो. रांगेतल्या तिघांनी आठाच्या आकड्यात एकमेकांभोवती फिरायचं, त्या ‘हे’ नावाच्या आकृतीतही तीच अडचण. कुणी एक जण उशिरा वळला की तिघेही एकाच जागी येतात. म्हणून नव्या माणसाला सहसा मधल्या जोडीत उभं करतात, म्हणजे पुढे आणि मागे जाणता असतो.

घुंगरांचे पट्टे गुडघ्याखाली नडगीवर बांधतात. सैल असले तर घसरतात आणि ठोक्यामागून वाजतात, आवळले तर पोटऱ्या भरतात. काठी हेझेल किंवा अ‍ॅशची, साधारण 2.5 सेंटिमीटर जाड आणि 45 ते 60 सेंटिमीटर लांब. खालच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर धरायची आणि नजर जोडीदाराच्या काठीच्या टोकावर ठेवायची. त्याच्या मुठीकडे पाहिलं की काठी घसरून बोटांवर बसते. जुनी, वाळलेली काठी तुकडे होऊन उडते, म्हणून साइडजवळ जादा काठ्यांची मोळी असते. रुमाल मोठे, पांढरे, कोपऱ्याला गाठ मारून बोटात अडकवलेले. ते मनगटाने नाही, अख्ख्या हाताने वर न्यावे लागतात, नाहीतर लोंबकळतात.

सराव हिवाळ्यात आणि नाच उन्हाळ्यात, हे वेळापत्रक व्हिट्सनचंच. 1 मे रोजी अनेक साइड सूर्योदयाला नाचतात आणि मग सप्टेंबरपर्यंत पबच्या अंगणात, जत्रांत कार्यक्रम चालतात. ऑक्टोबरात आलेल्याला सहा-सात महिने मिळतात. एप्रिलमध्ये आलेल्याला शिकवायला फोरमनकडे वेळ नसतो. पहिल्या संध्याकाळी जाड तळाचे बूट आणि पाण्याची बाटली एवढंच न्यावं. हॉलची फरशी गवतापेक्षा कठीण असते आणि उड्यांचा मार सगळा नडग्यांवर येतो. पट्टे, काठी, रुमाल बहुधा साइडकडूनच मिळतात. पोशाख विकत घेण्याची घाई करू नये, तो साइडगणिक वेगळा असतो आणि चार-पाच नाच बसल्यावरच लागतो.