आरओचं पाणी पंपाने फिशटँकपर्यंत न्यायचंय? बसवायच्या आधी हे वाचा

आरओ युनिट घराच्या एका टोकाला, टँक दुसऱ्या टोकाला आणि मध्ये बादल्या. ह्या बादल्यांना कंटाळूनच बहुतेक लोक आमच्याकडे येतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की युनिटचीच ट्यूब लांबवून सरळ टँकमध्ये सोडली तर? पाणी पोचतं, पण आम्ही तसं करून देत नाही. ७५ जीपीडीचा (गॅलन पर डे, म्हणजे दिवसाला ७५ गॅलनचा) मेंब्रेन, म्हणजे युनिटमधली पाणी गाळणारी जाळी, दिवसाला साधारण २८० लिटर देतो म्हणजे मिनिटाला जेमतेम २०० मिली, तेही पाणी २५ डिग्रीच्या आसपास असेल आणि प्रेशर नीट असेल तर, थंडीत अजून कमी. ५० लिटर पाणी बदलायला चार तास लागणार, तेवढा वेळ ट्यूबवर लक्ष कोण ठेवणार? शिवाय युनिट सुरू झाल्यावरचं पहिलं पाणी जास्त टीडीएसचं (विरघळलेले क्षार जास्त असलेलं) असतं, ते थेट माशांवर नको.

म्हणून आधी साठवा, मग पंप करा. युनिटजवळ फूड ग्रेड ड्रम, झाकण असलेला आणि आत उजेड न जाणारा, नाहीतर शेवाळ धरतं. ड्रमला फ्लोट व्हॉल्व्ह (ड्रम भरला की पाणी थांबवणारा) आणि युनिटला ऑटो शटऑफ (मग युनिटमध्ये येणारं पाणीही बंद करणारा), दोन्ही लागतात, कारण नुसता फ्लोट लावला तर चांगलं पाणी थांबतं पण रिजेक्ट, म्हणजे युनिट बाहेर टाकतं ते टाकाऊ पाणी वाहतच राहतं.

आता पंप. छोट्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायच्या) पंपाच्या खोक्यावर ३ मीटर हेड (पाणी चढवायची उंची) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ३ मीटरवर पाणी शून्य, हे कोणी सांगत नाही. जवळ आणि समपातळीला तो पुरतो, लांब किंवा वर न्यायचं असेल तर डायफ्राम पंपच (आतल्या पडद्याच्या हालचालीने प्रेशरने पाणी ढकलणारा) घ्या. आणि ट्यूबमध्ये कंजूषी नको. पाव इंची ट्यूबमधून मिनिटाला १ लिटर पाणी १५ मीटर न्यायचं तर जवळपास ९ मीटर उंचीवर चढवण्याइतकं प्रेशर नुसतं घर्षणात जातं, तेच ३/८ इंचीत दीड मीटरच्या आसपास. पितळी किंवा तांब्याचं एकही फिटिंग लाईनमध्ये नको, शुद्ध पाणी धातू विरघळवतं आणि तांबं कोळंबी, कोरल यांना फार थोड्या प्रमाणातही मारतं.

सगळ्यात जास्त पूर येतात ते सायफनमुळे, त्यामुळे हे नीट वाचा. ड्रममधल्या पाण्याची पातळी ट्यूबच्या टोकापेक्षा वर असेल तर पंप बंद केला तरी पाणी चालूच राहतं, ड्रम रिकामा होईपर्यंत, आणि लोकांना वाटतं चेक व्हॉल्व्ह आहे ना मग काय. चेक व्हॉल्व्ह उलटं जाणारं पाणी अडवतो, हे पाणी तर सरळच जातंय! डायफ्राम पंपही बंद असताना त्याला नीट अडवत नाही. उपाय दोनच, ड्रम ट्यूबच्या टोकापेक्षा खालच्या पातळीला ठेवा, नाहीतर पंपासोबत उघडबंद होणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह लावा. टँक वर असेल तर उलटा धोका, म्हणून ट्यूबचं टोक नेहमी पाण्याच्या वर ठेवा, बुडवू नका, म्हणजे टँकचं पाणी मागे ओढलं जाणार नाही.

ऑटो टॉप-अप (टँकची पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) लावत असाल तर एका सेन्सरवर विसंबू नका, वर दुसरा फ्लोट आणि पंपाला टायमर हवाच. खाऱ्या टँकमध्ये तर जास्त गोडं पाणी पडलं की फरशी भिजतेच पण क्षारताही एकदम उतरते, कोरलला ते सोसत नाही. गोड्या पाण्याच्या टँकवाल्यांनी लक्षात ठेवा, बाष्पीभवनाची भरपाई नुसत्या आरओ पाण्याने चालते, पाणी बदलताना मात्र त्यात मिनरल घालूनच सोडायचं.

आम्ही यायच्या आधी तीन मापं काढून ठेवा: ट्यूब भिंतीकडेने जाईल ते अंतर (सरळ रेषेत नको), ड्रम आणि टँक यांच्या उंचीतला फरक, आणि एका वेळी किती लिटर पाणी लागतं ते.