लॅबव्ह्यूचा ऑब्जेक्ट आणि पायथॉनचा ऑब्जेक्ट: वायरला फाटा फुटला की काय होतं

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, पायथॉनमध्ये इन्स्ट्रुमेंटचा क्लास मस्त चालतो, तोच लॅबव्ह्यूत (चित्रातल्या वायरी जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, डेटा त्या वायरींवरून वाहतो) केला तर व्हॅल्यू जुनीच का दिसते? आणि उत्तरं काय, तर ड्रायव्हर बदला, मध्ये डिले टाका. नका हो टाकू डिले.

पायथॉनचं तुम्हाला माहितीच आहे. पॉवर सप्लायचा एक ऑब्जेक्ट दोन व्हेरिएबलना दिला तरी ऑब्जेक्ट एकच, दोघांकडे नुसता त्याचा पत्ता. लॅबव्ह्यूत क्लास आले 2006 मध्ये, 8.20 व्हर्जनला, पण तिथला ऑब्जेक्ट साध्या आकड्यासारखा वायरवरून वाहतो. वायरला फाटा फोडला की झाले दोन, आणि पुढे एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही.

आता दोन फाटे दोन लूपमध्ये गेले समजा. वरच्या लूपने 12 व्होल्ट सेट केले आणि आपल्या ऑब्जेक्टमध्ये तसं लिहिलं. खालचा लूप फाइलमध्ये लॉग करतोय, त्याच्याकडे अजून जुने 5 व्होल्टच. बरं, आतला व्हिसा रेफरन्स (इन्स्ट्रुमेंटशी बोलायच्या जोडणीचा पत्ता) हा रेफरन्सच असतो, कॉपी झाला तरी त्याच इन्स्ट्रुमेंटकडे जातो, म्हणजे दोन्हीकडून कमांड व्यवस्थित जातात, सप्लायच्या डिस्प्लेवर 12 दिसतात, आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. माझा एक अख्खा शनिवार यात गेलाय, केबलसुद्धा बदलून झाली.

बाकीचे फरक किरकोळ: कन्स्ट्रक्टर नाही, डेटा कायम प्रायव्हेट, पॅरेंट क्लास एकच, इंटरफेस 2020 ला आले.

उपाय म्हणून लोक सरसकट ऑब्जेक्ट डीव्हीआरमध्ये कोंबतात (डेटा व्हॅल्यू रेफरन्स, म्हणजे डेटा एकाच जागी आणि वायरवर नुसता त्याचा पत्ता; 2009 पासून मिळतो). चालतं, पण मला नाही आवडत, मग पायथॉनच लिहा ना. माझ्या मते ऑब्जेक्ट एकाच लूपच्या ताब्यात ठेवायचा, बाकीच्यांनी क्यूमधून मेसेज पाठवायचे.

पायथॉनवाल्यांनीही हसू नये. दोन थ्रेड एकाच पोर्टवर क्वेरी करायला लागले की एकाने विचारलेल्या व्होल्टेजचं उत्तर दुसराच वाचून मोकळा होतो. तिथे लॉक लावा, नाहीतर तीच क्यू.

आणि मुळात लॉगमध्ये सेट केलेला आकडा लिहिताच कशाला? सप्लायलाच विचारा, मेझर करून घ्या. करंट लिमिट लागली असेल तर सेट 12 असूनही आउटपुटला 12 येतच नाहीत.