पोट ठणठणीत, अमायलेज मात्र वाढलेलं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेणारे हल्ली बरेच भेटतात. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. त्यात अमायलेज (स्वादुपिंडात तयार होणारं पाचक एन्झाइम) २४०, ठळक अक्षरांत, नॉर्मल ११०पर्यंत. माणूस दोन्ही वेळ व्यवस्थित जेवतोय, पण गूगलवर स्वादुपिंडाची सूज वाचून घरच्यांची झोप उडते.

ही सूज सहसा गुपचूप येत नाही. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येते, बऱ्याचदा थेट पाठीत जाते. निदानासाठी तसं दुखणं, रक्तात नॉर्मलच्या तिपटीहून जास्त एन्झाइम आणि सीटी किंवा सोनोग्राफीत दिसणारे बदल, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. दुखत नसताना ही तपासणी पॅकेजात कशाला घालतात, हे मला कोडंच आहे.

अमायलेज लाळेतही असतं, म्हणून गालगुंडातही वाढतं. किडनी मंदावली की अमायलेज आणि लायपेज (स्वादुपिंडाचं दुसरं एन्झाइम) दोन्ही रक्तात साचतात. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनीही आकडा चढू शकतो.

सगळ्यात मजेशीर प्रकार मॅक्रोअमायलेजचा. काहींच्या रक्तात अमायलेज अँटिबॉडीला चिकटून बसतं. ही जोडगोळी इतकी मोठी होते की किडनीच्या गाळणीतून उतरतच नाही. रक्तात अमायलेज भरपूर, लघवीत अगदी कमी आणि लायपेज नॉर्मल. हे ओळखायला लॅबमध्ये सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात, पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन मिसळतात. जोडगोळी तळाशी बसते आणि वरच्या नितळ भागात अमायलेज फारसं उरत नाही. उपचार काही नाही, कारण आजारच नाही.

इटलीत बोलोन्याचे डॉक्टर लुचो गुलो यांनी १९९६मध्ये आणखी एक गट नोंदवला: एन्झाइम वर्षानुवर्षं वाढलेली, स्वादुपिंड निरोगी. आकडा रोज वरखाली होतो, एखाद्या दिवशी चक्क नॉर्मल येतो. काही घराण्यांत भावंडांमध्ये, मुलांमध्येही तो सापडतो.

पण हे आधीच गृहीत धरायचं नाही. क्वचित खडा, नळीतला अडथळा किंवा गाठ निघते. म्हणून डॉक्टर दारूची सवय, गोळ्या, ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम बघतात, एकदा एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) करून घेतात आणि वर्षभर तरी लक्ष ठेवतात. सगळं स्वच्छ निघालं, तर दर महिन्याला अमायलेज करत बसण्यात अर्थ नाही. पुढे कधी पोटात जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, तर सरळ कॅज्युअल्टी गाठावी आणि ‘माझं अमायलेज एरवीही वाढलेलंच असतं’ हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं.